काळी दिसली म्हणून भुलू नका, मातीचा निचरा घरच्या घरी असा बघा

माझा मावसभाऊ अमेरिकेत आयोवात असतो. त्यानं मागं एका खड्ड्याचा फोटो टाकला व्हॉट्सॲपवर, वर हातभर काळीकुळकुळीत माती, खाली मऊ तपकिरी, आणि लिहिलं "बघ, आपल्यासारखीच काळी". मी म्हटलं बाबा, रंग सोडला तर यात आपल्यासारखं काहीच नाही. त्यावरून जे बोलणं झालं तेच इथं लिहितोय, कारण आपल्याकडं सोलापुरात अजूनही जमीन घेताना, डाळिंब लावताना लोक रंग बघतात आणि "भारी जमीन आहे" म्हणून खूश होतात.

त्याच्याकडची ती माती टामा नावाची. हिमयुगात हिमनद्यांच्या पाण्याबरोबर नद्यांच्या पात्रात भरपूर बारीक गाळ यायचा, तो वाळला की वारा उचलून आजूबाजूच्या माळावर पसरवायचा, असं हजारो वर्षं चाललं. या वाऱ्यानं आणलेल्या गाळाला लोएस म्हणतात, आयोवाच्या पश्चिम कडेला तर त्याचे थर काही ठिकाणी ६० मीटरपर्यंत आहेत. त्यावर पुरुषभर उंचीचं गवत वाढलं, मुळं मेली, कुजली, परत आली, म्हणून वरचा थर काळा. म्हणजे तिथला काळा रंग कुजलेल्या मुळांचा. आपला काळा खडकाचा आणि चिकणमातीचा, बेसाल्ट झिजून झालेला. सेंद्रिय कर्ब बघायला गेलं तर आपल्या माती तपासणीच्या कितीतरी रिपोर्टात अर्धा टक्कासुद्धा भरत नाही!

मातीत तीन जाडीचे कण असतात, सगळ्यात जाड वाळू, मधला पोयटा आणि सगळ्यात बारीक चिकणमाती. पोयट्याचा कण ०.००२ ते ०.०५ मिलिमीटर. टामात वाळू जेमतेम, चिकणमाती साधारण पाव ते तिसरा हिस्सा, उरलेला सगळा पोयटा. त्यामुळं जास्तीचं पाणी खाली निघून जातं पण सगळं जात नाही, मीटरभर खोलीत साधारण २० सेंटिमीटर पाणी पिकाला मिळेल असं धरून ठेवते. निचरा चांगला म्हणजे हे. पाणी सर्रकन गायब होणं म्हणजे निचरा नव्हे, ते मुरमात पण होतं. शेजारच्या नेब्रास्कानं १९७९ मध्ये होल्ड्रेज नावाची माती राज्याची माती म्हणून जाहीर केली, ती पण लोएसचीच, चांगल्या निचऱ्याची.

आता तुमची कशी आहे ते बघू.

पहिलं म्हणजे वेळ. उन्हाळ्यात बघू नका. मी हीच चूक केली, मे महिन्यात खालच्या तुकड्यात खड्डा घेतला, दोन घागरी पाणी ओतलं, डोळ्यादेखत गडप! म्हटलं वा, काय निचरा आहे, आणि डाळिंब लावून मोकळा झालो. सप्टेंबरात सलग पाऊस लागला तेव्हा त्याच तुकड्यात पाच दिवस पाणी हललं नाही, पानं पिवळी पडली, अकरा झाडं गेली. मे महिन्यात पाणी मातीत मुरलंच नव्हतं ओ, ते भेगांतून खाली पळालं होतं. काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, मग खरं रूप दिसतं. म्हणून चांगला पाऊस होऊन वापसा आला, म्हणजे चिखल ओसरून माती नुसती ओलसर राहिली, की बघा.

एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा आणि रात्रभर तसंच सोडा, सकाळी परत भरा. एक काठी उभी रोवा, तिच्यावर खूण करा आणि दर तासाला पातळी किती उतरली ते मोजा. तासाला अडीच ते साडेसात सेंटिमीटर उतरली तर ठीक. अडीचच्या खाली निचरा कमी, दहाच्या वर गेली तर पाणी टिकणारच नाही. माझ्या खालच्या तुकड्यात तासाला बोटाच्या जाडीएवढं सुद्धा उतरलं नाही.

मग तीन फुटांचा खड्डा घेऊन बाजूची भिंत बघा. पाणी साचणाऱ्या जमिनीत राखाडी रंग आणि गंजासारखे ठिपके दिसतात असं सगळीकडं सांगतात, आणि त्या तपकिरी लोएसात ते पटकन दिसतं पण. आपल्या काळ्यात ते झाकून जातं. त्यापेक्षा कुदळीनं एक ढेकूळ उचकटा आणि बघा त्याच्यावर तिरक्या, तेल लावल्यासारख्या चकचकीत पाट्या आहेत का, माती फुगून एकमेकांवर घासली की तसं होतं. आणि मुळं त्या पाट्यांमध्ये दाबून चपटी झालेली दिसली तर समजून जा, इथं निचरा कमीच.

हाताची परीक्षा सोपी आहे. मूठभर माती भाकरीच्या पिठासारखी मळा आणि अंगठ्यानं बोटावरून पट्टी काढा. खरखर लागली तर वाळू. पिठासारखी मऊ लागते पण पट्टी पुढं जात नाही, तुटते, तर पोयटा. पाच सेंटिमीटरच्या पुढं पट्टी लांबत गेली आणि हात धुतला तरी चिकट जात नाही तर चिकणमाती, आपल्या कोणत्याही काळ्या रानात हेच होणार.

आकडा हवा असेल तर बरणी. सरळ बाजूची काचेची बरणी घ्या, तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चमचाभर कपडे धुण्याची पावडर, पाच मिनिटं हलवा आणि ठेवा. मिनिटाभरात बसतं ती वाळू, दोन तासांत पोयटा, चिकणमातीला दिवस-दोन दिवस. पण आपल्या मातीची ढेकळं आधी रात्रभर भिजवून चुरा करा आणि चुनखडीचे खडे चाळून काढा, नाहीतर ते गोळे पहिल्याच मिनिटाला तळाला बसतात आणि तुम्हाला वाटतं वाह, किती वाळू आहे. मी पहिल्या वेळी असाच फसलो. नीट केल्यावर निम्म्याहून जास्त चिकणमाती निघाली आणि पाणी तीन दिवस गढूळच राहिलं.

कालव्याच्या पाण्यावरच्या जमिनीला आणखी एक बघाच. वाळलेला छोटा खडा पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. खडा फुटून तुकडे झाले आणि पाणी स्वच्छ राहिलं तर एवढं काळजीचं नाही. पण खड्याभोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियम जास्त असण्याची शक्यता आहे, जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं घट्ट होऊन पाणी न मुरणारी, होत चालली असेल. मग माती तपासून घ्या आणि त्यावर उपाय म्हणून जिप्सम किती टाकायचं ते रिपोर्ट बघून ठरवा, शेजाऱ्यानं टाकलं म्हणून नको.

उपाय काय? वाळू मिसळू नका, काळ्या मातीत थोडी वाळू घातली की विटेसारखी होते, फायदा होईल एवढी घालायला नदी आणावी लागेल. तलावातला गाळ पण काळ्यावर नको. गाळ म्हणजे पोयटा असं लोकांना वाटतं, आपल्या भागातल्या तलावात बरीचशी काळी चिकणमातीच वाहून आलेली असते, ती मुरमाड हलक्या रानाला सोन्यासारखी आणि भारी रानाला ओझं. फळबाग लावायची तर उंच बोद (मातीचे वरंबे) करा, उताराच्या बाजूला चर काढा, हिरवळीचं खत म्हणून ताग किंवा धैंचा गाडा, ओल्यात ट्रॅक्टर घालू नका.

आणि टामासारखी होईल ही अपेक्षा सोडा. तिचेही प्रॉब्लेम आहेत, पोयटा उतारावरून लगेच वाहून जातो, मावसभावाकडं पण पहिल्या जोराच्या पावसात पाणी कॉफीच्या रंगाचं होतं. आपली चिकट माती पाणी सोडत नाही म्हणून तर मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पाऊस गेल्यावर पेरून नुसत्या मुरलेल्या ओलीवर येते. माझ्या खालच्या तुकड्यात यंदा डाळिंब नाही, ज्वारीच पेरलीय. वरच्या मुरमाड पट्ट्यातला खड्डा अजून मोजायचा राहिलाय, रविवारी काठी घेऊन जाणार आहे.