भाताच्या लावणीआधी मातीचा सामू मोजला का?

बियाणं, बांधाची डागडुजी, टिलरवाल्याला वेळेत फोन, हे तुम्हाला सांगायला नको. भाताची जात ज्योती लावा नाहीतर जया. मी फक्त सामूचं, म्हणजे मातीच्या pH चं सांगणार (तो जितका कमी, तितकी माती आम्ल), कारण गेल्या वर्षी तोच मोजायचा राहिला.

मे महिन्यातच शेतात सात-आठ ठिकाणी 15 सेंटिमीटर खोल माती काढा, मिसळा, सावलीत वाळवा, अर्धा किलो तपासायला द्या. खताच्या रिकाम्या पिशवीत भरू नका, कृपा करून. जमीन दरवर्षीचीच आहे म्हणून टाळूही नका. मी तसंच म्हटलं होतं.

माझं शेत डोंगराच्या पायथ्याशी, खेर (मधल्या उंचीची, रेताड) जमीन, वरून जांभ्यातलं पाणी झिरपतं. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेटच टाकत आलो. लावणीनंतर महिनाभरात खालच्या पानांच्या टोकांवर बारीक तपकिरी ठिपके आले. करपा समजून दोनदा औषध मारलं, पैसे गेले. मग एक रोप उपटलं, तर मुळांवर गंजासारखा लाल थर. ते लोह होतं. सामू मोजला तेव्हा 4.8. आधी मोजायचा असतो तो!

भाताला अमोनियम आवडतं हे खरंच, आणि नायट्रेट साचलेल्या पाण्यात वायू होऊन उडून जातं. पण मूळ अमोनियम घेतं तेव्हा बदल्यात आम्ल बाहेर सोडतं, आणि पालाश (पोटॅश), कॅल्शियम, मॅग्नेशियम घ्यायला मागे पडतं. त्यात सल्फेटचं साचल्या पाण्यात सल्फाइड होऊन मुळं आणखी दुबळी होतात. अशा शेतात युरिया बरा. तोही आम्ल वाढवतोच, पण त्यातल्या नत्राच्या (नायट्रोजनच्या) मानाने कमी. पालाश मात्र चुकवू नका, त्याची उणीव असली की लोहाची बाधा जास्त होते.

पाणी साचलं की सामू आपसूक वर येतो, चुना कशाला, असं मला एका जाणत्याने ऐकवलं. येतो हो, पण आठवडे लागतात, आणि तोवर लोह विरघळून मुळाशी आलेलं असतं. सामू साडेपाचच्या खाली असेल तर चुना किंवा डोलोमाइट लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळा. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळतं. किती टाकायचं ते अहवालातून ठरवा, म्हणजे परत सामूच. चुना आणि युरिया एकाच दिवशी नको, अमोनिया उडतो. नाकाला लगेच कळतं.



बाकी चिखलणी, लावणी, भांगलण नेहमीसारखी. ठिपके दिसलेच तर पाणी काढून जमीन थोडी सुकू द्या. कापणीनंतर, वायंगणाआधी (पावसाळ्यानंतरच्या भाताआधी), पुन्हा सामू. आणि पिशवीवर शेताचं नाव लिहा, आमच्या दोन पिशव्यांची अदलाबदल झाली होती.