डाय कास्टिंगचं कोटेशन घेताना किलोचा भाव नको, नगाचा भाव विचारा

सोलापुरात लूमचा ब्रॅकेट किंवा पंपाचं कव्हर डाय कास्टिंगमध्ये (वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, भरून) करून घ्यायचं असेल, तर जस्त आणि ॲल्युमिनियमची तुलना किलोच्या भावावर करू नका. जस्ताच्या मिश्रधातूची घनता घन सेंटीमीटरला सुमारे 6.6 ग्रॅम, ॲल्युमिनियमची 2.7. तोच नग जस्तात जवळपास अडीचपट वजनाचा भरतो. जस्तात भिंत पातळ ठेवता येते, त्यामुळे फरक थोडा कमी होतो, एवढंच.

डायचं गणित मात्र उलटं. जस्ताचा मिश्रधातू 385 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, त्यामुळे डाय कितीतरी जास्त टिकते. ॲल्युमिनियम 650 अंशांच्या पुढे ओततात. त्या उष्णतेने डायच्या पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या नगावर उमटतात.

समजा डाय चार लाखांची आहे. 5,000 नगांवर नगामागे 80 रुपये पडतात, एक लाख नगांवर फक्त 4. म्हणून वर्षाची खरी मागणी आधी ठरवा. ड्रॉइंगमधलं आडवं भोक काढता येतं का तेही बघा; त्यासाठी लागणारी स्लाइड (डायचा बाजूने सरकणारा भाग) वाचली की डाय बरीच स्वस्त होते. ट्रिमिंग डाय (नगाच्या कडेचा जादा धातू कापणारी), ड्रिलिंग, टॅपिंग (भोकात आटे पाडणं) यांचा खर्च वेगळा लिहून घ्या. आणि डाय कुणाच्या मालकीची, हे पर्चेस ऑर्डरवरच नोंदवा.