डेरिव्हेटिव्हशिवाय ऑप्टिमायझेशन: बंधनं आधी, अल्गोरिदम नंतर

मी गोव्यात फोंड्याला राहते आणि लहान मासेमारी बोटींच्या हलची, म्हणजे बोटीच्या मुख्य धडाची, आकडेमोड करून देते. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करताना लाग्रांज गुणक (अट थोडी बदलली तर उत्तर किती बदलेल ते सांगणारा आकडा) शिकले, पण तिथं प्रत्येक गणितात सूत्र समोर असायचं. माझ्या कामात सूत्र नसतं. लांबी, रुंदी आणि हलचा भरीवपणा हे आकडे एका प्रोग्रामला द्यायचे. तो वीस मिनिटं घुमतो आणि आठ नॉट वेगाला पाण्याचा रोध किती, एवढा एकच आकडा परत करतो. तो आकडा कमीत कमी हवा, आणि बोट उलटता कामा नये, रुतता कामा नये, ठरलेलं वजनही पेलायला हवं. अशी गणितं कशी सोडवायची ते सांगते. तुमचा प्रोग्राम बोटीचा नसून पंपाचा किंवा ड्रायरचा असला, तरी रीत तीच.

आधी एक गोष्ट. सूत्र कागदावर असेल, किंवा प्रोग्राम तुमचाच असून त्यात ऑटोमॅटिक डिफरन्सिएशन (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे उत्तराचा उतार, आपोआप काढणारी सोय) बसवता येत असेल, तर पुढचं वाचू नका. डेरिव्हेटिव्ह वापरा, काम कितीतरी लवकर होईल. या पद्धती नाइलाजाच्या आहेत.

नाइलाज कधी म्हणायचा? "मग थोडं हलवून फरक काढू, तोच डेरिव्हेटिव्ह" असं बरेच जण म्हणतात. करून बघा. रोध ५,००० न्यूटनच्या आसपास आहे आणि प्रोग्रामची जाळी (हिशोबासाठी हलचे आणि पाण्याचे पाडलेले बारीक तुकडे) दर वेळी नव्यानं विणली जाते, म्हणून उत्तर ५ न्यूटन इकडे-तिकडे डगमगतं. रुंदी १ मिलिमीटरनं बदलली तर फरकातली चूक १० न्यूटनपर्यंत जाईल. तिला ०.००१ मीटरनं भागलं की उताराची चूक मीटरमागे १०,००० न्यूटन. खरा उतार असतो हजार-दीड हजाराचा! म्हणजे हाती आलं ते निव्वळ डगमगणं. पाऊल १० सेंटीमीटरचं घेतलं तर हीच चूक १०० वर येते. डेरिव्हेटिव्ह न वापरणाऱ्या चांगल्या पद्धती हेच करतात, आधी मोठी पावलं टाकतात आणि खात्री पटेल तशी ती लहान करतात.

आता बंधनं, म्हणजे उत्तरानं पाळायच्या अटी. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम इथंच आहे, आणि लोक नेमकं हेच उरकून टाकतात. प्रत्येक बंधनाला तीन प्रश्न विचारा. ते मोजायला स्वस्त की महाग? ते थोडं मोडलं तरी प्रोग्राम उत्तर देतो का? आणि ते बरोबरीचं आहे की "इतक्याहून कमी नको" अशा प्रकारचं?

बरोबरीचं बंधन दिसलं की ते गिळून टाका. माझं उदाहरण: बोटीनं २८ टन पाणी विस्थापित करायला हवं, कमी नाही, जास्त नाही. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला १.०२५ टन धरली तर आकारमान २७.३२ घनमीटर. लांबी, रुंदी, ड्राफ्ट (बोट पाण्यात किती खोल बसते) आणि ब्लॉक गुणांक (वर म्हटलेला भरीवपणा) यांचा गुणाकार तेवढा व्हायला हवा. म्हणून ड्राफ्ट हा चल, म्हणजे अल्गोरिदमनं बदलून बघायचा आकडा, ठेवायचाच नाही. बाकी तीन ठरले की तो भागाकारानं निघतो: लांबी १२, रुंदी ३.८, गुणांक ०.५ असेल तर ड्राफ्ट १.२० मीटर. एक चल गेला आणि सगळ्यांत त्रासदायक बंधनही गेलं.

उरली दोन. ड्राफ्ट १.२५ मीटरहून जास्त नको, कारण बोट शापोऱ्याची आहे आणि तिथं नदीच्या मुखाशी वाळू साचते. मेटासेंट्रिक उंची, म्हणजे जीएम (कललेली बोट किती जोरानं सरळ होते त्याचं माप), ०.३५ मीटरहून कमी नको. हे दोन्ही आकडे रोधाच्या प्रोग्रामशिवाय क्षणात निघतात, म्हणजे स्वस्त आहेत. स्वस्त बंधनांचा फायदा आधीच उठवा. प्रत्येक चलाचे २१ भाग करा, ९,२६१ बिंदू होतील, सगळ्यांवर फक्त ही दोन बंधनं तपासा. मिनिटाच्या आत कळतं की चालण्याजोगी जागा आहे तरी किती. कधीकधी ती जागाच नसते. ते पहिल्या संध्याकाळी कळलेलं बरं, आठवडाभर संगणक तापवून नव्हे. सुरुवातीचा बिंदूही याच यादीतून उचला.

मग मापं एका पट्टीवर आणा. लांबी १०.५ ते १३.५, रुंदी ३.२ ते ४.४, गुणांक ०.४२ ते ०.५८, तिन्ही ० ते १ मध्ये बसवा. हे न केल्यास अल्गोरिदम लांबीतला ०.१ आणि गुणांकातला ०.१ सारखेच समजतो, आणि गुणांकातला ०.१ म्हणजे बोटीचं ओंडक्यात रूपांतर. बंधनांनाही तसंच भागून घ्या: जीएम उणे ०.३५, भागिले ०.३५. रोधाला ५,००० नं भागा.

पहिलं हत्यार म्हणून मी कोबायला (COBYLA) हा अल्गोरिदम सुचवेन. केंब्रिजच्या मायकेल पॉवेल यांनी ते १९९४ मध्ये मांडलं. चलांहून एक जास्त, म्हणजे इथं चार बिंदूंवर उद्दिष्ट (इथं रोध) आणि बंधनं मोजायची, त्यांतून सरळ प्रतलं बसवायची, ठरावीक त्रिज्येच्या आत त्या प्रतलांवरचं सर्वोत्तम ठिकाण शोधायचं, तिथं खरा प्रोग्राम चालवायचा. फायदा थांबला की त्रिज्या कमी. पायथॉनच्या सायपाय लायब्ररीत ते आहे, एनएलऑप्ट या दुसऱ्या लायब्ररीतही आहे. चिन्हाकडे मात्र लक्ष ठेवा: सायपायला बंधन शून्य किंवा जास्त हवं, एनएलऑप्टला शून्य किंवा कमी. एकाचं लिहिलेलं दुसऱ्यात चिकटवलं तर अल्गोरिदम मोठ्या निष्ठेनं उलटणारी बोट शोधून देईल.

सुरुवातीची त्रिज्या ०.२ ठेवा. म्हणजे लांबीत ६० सेंटीमीटर, रुंदीत २४ सेंटीमीटर. शेवटची ०.०१, म्हणजे लांबीत ३ सेंटीमीटर. त्याहून बारीक जाण्यात अर्थ नाही, कारण तिथं पुन्हा जाळीचं डगमगणंच मोजत बसाल. वीस मिनिटांचा एक फेरा धरला तर रात्री नऊ ते सकाळी सात या वेळात ३० फेरे होतात. तीन चलांना एक-दोन रात्री पुरायला हरकत नाही.

पावसाळ्यात या रात्री सरळ जात नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हाच बोटी काठावर आलेल्या असतात आणि मालकांना सगळं याच दिवसांत हवं असतं. नेमकी तेव्हाच वीज जाते. म्हणून प्रत्येक फेऱ्याचे आकडे आणि उत्तर पूर्ण दशांशांसह लगेच फाइलमध्ये लिहा, आणि प्रोग्रामला हाक मारण्याआधी फाइलमध्ये बघा. कोबायलात चिठ्ठी टाकून काही ठरत नाही. त्याच बिंदूपासून पुन्हा सुरू केलं की ते त्याच वाटेनं जातं, जुनी उत्तरं फाइलमधून क्षणात मिळतात, आणि जिथं अंधार झाला तिथून काम पुढे चालू होतं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे: बंधन मोडल्यावर प्रोग्राम उत्तरच देत नाही तेव्हा. काही आकारांवर माझी जाळी विणलीच जात नाही. अशा वेळी "दहा लाख परत कर" हा सोपा उपाय सगळे करतात. कोबायलासाठी तो घातक आहे, कारण त्या दहा लाखांतून ते प्रतल बसवायला जातं आणि आसपासचं सगळं चित्र बिघडतं. असे बिंदू बरेच असतील तर थेट शोधाच्या पद्धतीकडे वळा. त्या फक्त "हा त्याहून बरा का?" एवढंच विचारतात, त्यामुळे अनंत परत केलं तरी त्यांचं काही बिघडत नाही.

थेट शोधाची जुनी रीत म्हणजे हूक आणि जीव्ह्ज यांची, १९६१ ची. एकेक चल पुढे-मागे करून बघायचा, काहीच सुधारलं नाही तर पाऊल निम्मं. एक्सेलमध्येही जमते, पण बंधनाची भिंत तिरकी असली की फसते. हे हातानं पडताळून बघा. क्ष अधिक दोन य जास्तीत जास्त हवं, दोन्ही शून्याहून कमी नकोत, आणि त्यांची बेरीज १ हून जास्त नको. उभे राहा (०.६, ०.४) वर, किंमत १.४. क्ष वाढवला, भिंत. य वाढवला, भिंत. कुठलाही कमी केला, किंमत घटली. पाऊल कितीही लहान करा, हेच होणार. खरं उत्तर (०, १) वर आहे, किंमत २, पण तिथं जायला क्ष कमी आणि य जास्त एकाच वेळी करावं लागतं. ओडे आणि डेनिस यांच्या २००६ च्या मॅड्स पद्धतीनं ही अडचण सोडवली, तिच्या दिशा दर वेळी बदलत राहतात. माँट्रियालचा नोमॅड हा प्रोग्राम तिच्यावरच चालतो.

नेल्डर-मीड, १९६५ चं, सगळीकडे सापडतं, पण मूळ रूपात त्याला बंधनं कळत नाहीत. बंधनं नसतानाही ते भलत्याच बिंदूवर थांबू शकतं, हे मॅककिननं १९९८ मध्ये दाखवलं. मी वापरत नाही. प्रोग्राम सेकंदात उत्तर देत असेल आणि हजारो फेरे परवडत असतील, तर मात्र उत्क्रांतीच्या पद्धती (बरेच उमेदवार ठेवून चांगले निवडत जाणाऱ्या) घ्या. त्यांत बंधन मोडल्यास किमतीत घालायच्या दंडाचा गुणक जुळवत बसण्यापेक्षा कल्याणमय देब यांचा २००० सालचा नियम लावा: बंधनं पाळणारा न पाळणाऱ्याला हरवतो, दोघे पाळत असतील तर ज्याची किंमत चांगली तो जिंकतो, दोघे मोडत असतील तर कमी मोडणारा. वीस मिनिटांच्या प्रोग्रामला हे सगळं परवडत नाही.

उत्तर आलं की तीन कामं उरतात. दुसऱ्या दोन बिंदूंपासून पुन्हा सुरू करा. वेगळ्या जागी पोचलात तर दरी एकच नाही, किंवा शेवटची त्रिज्या फार लहान ठेवली आहे. सर्वोत्तम बिंदू जास्त बारीक जाळीवर एकदा मोजा. आणि उत्तर कुठल्या भिंतीला टेकलंय ते बघा. माझ्याकडे बहुतेक वेळा जीएमला टेकतं, कारण अरुंद बोटीला रोध बहुधा कमी असतो. विस्थापन तेवढंच ठेवून रुंदी ५ टक्के कमी केली की बोट सरळ ठेवणारा मुख्य हिस्सा, जो रुंदीच्या घनावर चालतो, सुमारे १४ टक्के घटतो. मग ०.३५ ऐवजी ०.३७ घालून पुन्हा चालवा. रोध किती वाढला? तेच लाग्रांज गुणकाचं काम, डेरिव्हेटिव्हशिवाय.

हा आकडा घेऊन तांडेलाकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाकडे, जा. मी गेले तेव्हा त्यानं रोधाकडे बघितलंच नाही. "बाय, ओली जाळी नि मासळी वर असताना मोजलं काय?" एवढंच विचारलं. वजन वर गेलं की जीएम घटते, म्हणून आता माझं बंधन रिकाम्या बोटीवर नाही, त्या सगळ्यात वाईट भारावर लावलेलं असतं. अल्गोरिदम तोच, उत्तर रुंद.

शेवटी यार्डला आकडे देताना गोळाबेरीज होतेच. १२.३४ चे १२.३ करा, ३.८४ चे ३.८५ करा, पण गोळा केलेल्या आकड्यांवर ड्राफ्ट आणि जीएम पुन्हा तपासा. उत्तर भिंतीला टेकलेलं असेल तर अर्धा सेंटीमीटरसुद्धा पलीकडे नेतो, तेव्हा रुंदी वरच्या बाजूलाच गोळा करा.