फिनिश्ड विदाउट एरर

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये एमआरआय करून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात फिल्मची मोठी पिशवी असते आणि त्या पिशवीत बऱ्याचदा एक सीडी असते. ती सीडी सहसा कुणी उघडून बघत नाही. मी बघितली, आणि तिथून माझं पुढचं सगळं रामायण सुरू झालं.

एमएस्सी कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष होतं. ओळखीच्या एका डॉक्टरांनी रुग्णांची परवानगी घेऊन पाच जणांचे मेंदूचे स्कॅन प्रोजेक्टसाठी दिले. मला हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे आठवणींशी संबंध असलेल्या भागाचं, आकारमान मोजायचं होतं. फ्रीसर्फर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर हे काम करतं एवढं वाचलं होतं. पाचही स्कॅन त्यात घातले. पाचही आपटले. दोन आठवडे मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो, तीनदा काढून पुन्हा टाकलं.

दोष सॉफ्टवेअरचा नव्हताच. दवाखान्यातला रोजचा स्कॅन डॉक्टरच्या डोळ्यांसाठी काढलेला असतो. बऱ्याचदा पाच-पाच मिलिमीटर जाडीचे काप, मधे थोडी फट. फ्रीसर्फरच्या नेहमीच्या पद्धतीला लागतो साधारण एक मिलिमीटरचा, तिन्ही बाजूंनी सारखा, टी-वन प्रकारचा स्कॅन. चवडीतल्या भाकरी मोजता येतात. पण चवड बघून दळण किती बारीक होतं ते सांगा म्हटलं तर कोण सांगणार? हल्ली सिंथसेगसारखी साधनं जाड कापांच्या स्कॅनवरही बऱ्यापैकी चालतात, पण तेव्हा मला ती माहीत नव्हती. म्हणून नव्यानं येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की फ्रीसर्फर इन्स्टॉल करण्याआधी कापाची जाडी बघा. स्कॅनची निफ्टी फाइल (संशोधनात चालणारा फाइलचा प्रकार, पुढं येतोच) केली, की एफएसएल या मेंदूच्या स्कॅनवर काम करणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली एफएसएल-इन्फो ही कमांड दोन सेकंदांत सांगते.

त्याच सीडीनं आणखी एक धडा दिला. डॉक्टरांनी फोल्डरची नावं बदलून ‘पेशंट १’, ‘पेशंट २’ केली होती. पण डायकॉम फाइलच्या, म्हणजे स्कॅनर देतो त्या मूळ फाइलच्या आत, हेडरमध्ये, रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख जशीच्या तशी होती. बाहेरची पाटी बदलली, सातबारा तोच. डीसीएम-टू-एनआयआय-एक्स या साधनानं डायकॉमचं निफ्टी केलं की बरंचसं गळून पडतं, पण सोबत तयार होणारी जेसन ही माहितीची फाइल उघडून बघायची सवय ठेवा. आणि हेही लक्षात असू द्या, की पूर्ण डोक्याच्या स्कॅनवरून माणसाचा चेहरा पुन्हा उभा करता येतो. कुणाला डेटा देण्याआधी चेहऱ्याचा भाग पुसावा लागतो. शिकायला तर रुग्णांचा डेटा हवाच कशाला? ओपनन्यूरोवर जगभरचे स्कॅन मोकळे ठेवलेले आहेत. एका माणसाचा टी-वन दहा-वीस एमबीचा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सहज उतरतो. एफएमआरआयचा, म्हणजे मेंदू काम करत असतानाच्या स्कॅनचा, डेटा मात्र रात्री लावून झोपायचा.

इन्स्टॉलेशनबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात सॉफ्टवेअर निदान ओरडून तरी सांगतं. ‘कमांड नॉट फाउंड’ आलं म्हणजे सॉफ्टवेअर गेलं कुठं असं नाही. टर्मिनलला, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीला, त्याचा पत्ता दिलेला नाही, तिची सेटिंगची बॅशआरसी फाइल बघा. फ्रीसर्फरला फुकटच पण वेगळी लायसन्स फाइल लागते, ती मागवायला लोक विसरतात. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालत नसेल आणि चूक कुठं दिसतच नसेल, तर ओळीच्या शेवटी विंडोजचं न दिसणारं अक्षर बसलेलं असतं. डॉस-टू-युनिक्स चालवा, जातं. नुसतं ‘किल्ड’ असं लिहून प्रोग्रॅम मेला, तर बहुधा रॅम संपलेली असते. आपल्यासारखे विंडोजच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) काम करणारे इथं हमखास फसतात. लॅपटॉपची रॅम आठ जीबी असली तरी डब्ल्यूएसएल आपणहून त्यातली निम्मीच घेतं. डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाइलमध्ये आकडा वाढवता येतो. अर्थात आठच्या दहा होत नाहीत.

आता लाईटची गोष्ट. फ्रीसर्फरची रिकॉन-ऑल ही कमांड एका मेंदूला माझ्या लॅपटॉपवर नऊ-दहा तास घ्यायची. मी सुट्टीत परभणीजवळ गावी होतो. रात्री जेवून कमांड लावायची, सकाळी बघायचं. आजी विचारायची, “काय करूलालास रे रातभर?” मी म्हणायचो, “मेंदू मोजूलालो.” ती म्हणायची, “आधी सोताचा मोज.”

एका रात्री डीपी जळाली. गावाकडं डीपी जळणं म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, सातव्या तासाला सगळं बंद. तीन दिवसांनी लाईट आली. तीच कमांड तशीच पुन्हा दिली, तर उत्तर आलं, की हा माणूस आधीच अस्तित्वात आहे, त्याला नवा स्कॅन का देताय? स्कॅनचा भाग काढून कमांड दिली, तर म्हणे रिकॉन-ऑल आधीपासूनच चालू आहे. तीन दिवस अंधारात पडलेल्या लॅपटॉपवर काय डोंबल चालू असणार!

झालं होतं असं, की रिकॉन-ऑल सुरू होताना त्या माणसाच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये ‘इज-रनिंग’ नावाची फाइल टाकतं आणि काम संपलं की पुसतं. लाईट गेल्यावर पुसणार कोण? दारावर कुलूप राहिलं, घरात माणूस नाही. खरंच काही चालू नाही याची खात्री करून ती फाइल हातानं पुसली, की गाडी पुढं सरकते. हे कळायला मला एक पूर्ण दिवस लागला, कारण मी संदेश नीट वाचलाच नव्हता. त्यात फाइलचं नाव लिहिलेलं होतं.

लॉग, म्हणजे प्रोग्रॅम काय काय करतोय त्याची नोंदवही, वाचण्याचंही तसंच. हजारो ओळींचा लॉग असतो, आपण शेवटची ओळ वाचून घाबरतो. शेवटची ओळ नुसती रडारड असते. वर जात जात जिथं पहिल्यांदा ‘एरर’ लिहिलंय तिथं थांबायचं, आणि त्याच्याही आधीच्या चार ओळी वाचायच्या. बस पंढरपूरच्या वेशीवर बंद पडली तरी बिघाड बहुधा निघतानाच्या गावातला असतो.

रिकॉन-ऑलचं काम तडीस गेलं, की लॉगच्या शेवटी लिहून येतं, ‘फिनिश्ड विदाउट एरर’. पहिल्यांदा ते वाचून मी घरात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पुढं एका संशोधन प्रकल्पावर सहायक म्हणून काम मिळालं आणि या तीन शब्दांवरचा माझा विश्वास उडाला.

तिथं पक्षाघाताच्या रुग्णांचे स्कॅन होते. काही फाइली दाखवताना आडव्या-तिडव्या दिसत होत्या, म्हणून मी एफएसएलच्या स्वॅपडिम कमांडनं अक्ष फिरवून त्या ‘सरळ’ केल्या. सगळं सुरळीत चाललं. आकडे निघाले, रंगीत चित्रं निघाली. बैठकीत एक चित्र लावलं, मेंदूच्या उजव्या बाजूला जुनी इजा दिसत होती. आमच्या वरिष्ठ मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, “याचा कोणता हात गेला होता रे?” केसपेपर बघितला. उजवा. मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते, म्हणून उजवा हात गेला असेल तर इजा डाव्या बाजूला हवी. खोलीत कुणी काही बोललं नाही.

मी डावं-उजवं पलटवून ठेवलं होतं. टर्मिनलमध्ये तेव्हा इशारा आलाही होता, डावी-उजवी बाजू उलटतेय म्हणून. पण काम थांबलं नाही, मग मीही थांबलो नाही. अकरा रुग्णांचं सगळं काम पुन्हा करावं लागलं.

या चुकीचा त्रास असा, की मेंदू वरवर दोन्हीकडं सारखाच दिसतो. डोकं खाली-वर झालं तर शेंबडं पोरही सांगेल, डावं-उजवं झालं तर प्राध्यापकालाही कळत नाही. त्यात चित्र दाखवण्याच्या पद्धती दोन. रेडिओलॉजिस्ट रुग्णाच्या पायाकडून बघितल्यासारखं बघतात, म्हणून रुग्णाची उजवी बाजू पडद्यावर डावीकडं येते. दुसऱ्या पद्धतीत उजवं उजवीकडंच. चित्र कोणत्या पद्धतीत आहे हे पडद्यावरची एल-आर अक्षरं सांगतात, आपला अंदाज नाही. फाइल सरळ करायची असेल तर रिओरिएंट-टू-स्टँडर्ड वापरा, ते फक्त काटकोनात फिरवतं, आरसा दाखवत नाही. काही ठिकाणी स्कॅन करतानाच रुग्णाच्या कपाळाच्या एका बाजूला ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवतात. ती स्कॅनमध्ये पांढरी चमकते, मग वादच नाही.

तेव्हापासून प्रत्येक टप्प्यानंतर चित्र उघडून बघतो, नुसते आकडे बघत नाही. कवटी काढणारं बेट हे साधन मान आणि डोळे मेंदूत धरून ठेवतं किंवा कपाळाकडचा मेंदूच खरवडून टाकतं, आणि दोन्ही वेळा तक्रार करत नाही. त्याचा एफ हा आकडा मुळात ०.५ असतो, कमी केला की मेंदू जास्त शिल्लक राहतो. फोटोत मानच खूप आली असेल तर आधी रोबस्ट-एफओव्हीनं ती कापा, मग बेट चालवा. एसपीएम हे तसंच आणखी एक सॉफ्टवेअर वापरत असाल आणि मेंदू ठरलेल्या साच्यावर नीट बसतच नसेल, तर स्कॅनचा शून्यबिंदू बघा. तो अँटिरियर कमिशरच्या (मेंदूच्या दोन बाजू जोडणारा मधला छोटा पट्टा) जवळ नसेल तर प्रोग्रॅम भलतीकडं शोधत बसतो. हातानं जवळ आणून ठेवला की पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं.

एफएमआरआयच्या आकडेमोडीत गप्प चूक आणखी मोठी असते. आमच्याकडं बोअर घ्यायचं म्हटलं की नारळ घेऊन पाणाड्या येतो. शेतात पन्नास जागा दाखवल्या तर एखाद्या जागी पाणी लागतंच, मग त्याचं नाव होतं. मेंदूचे एक लाख ठिपके तपासले आणि ०.०५ ही, म्हणजे शंभरात पाच वेळा योगायोग चालेल अशी, पट्टी लावली, तर काहीही घडत नसताना पाचेक हजार ठिपके नुसत्या योगायोगानं पेटतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून, त्याला माणसांचे फोटो दाखवून, हेच दाखवून दिलं. इतके ठिपके एकदम तपासल्याची दुरुस्ती न करता हिशेब केला तर मेलेला मासाही ‘विचार’ करतो. २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. हसून सोडून देऊ नका. तुमच्या चित्रातला सुंदर लाल ठिपका दुरुस्तीनंतर टिकतो का ते आधी बघा, मग गाईडला दाखवा.

व्हर्जनचं एक सांगायचं राहिलं. निम्मे स्कॅन झाल्यावर सॉफ्टवेअर अपडेट करायचा मोह होतो. करू नका. २०१२ च्या एका अभ्यासात तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या व्हर्जनांतून काढले, तर आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला. मेंदूतला खरा बदल कित्येकदा त्याहून लहान असतो.

परवा लातूरच्या एका मुलानं मोबाइलवरून स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवला. निम्म्या ओळी कापलेल्या, वर पंख्याचं प्रतिबिंब. “दादा, चालतच नाही.” मी म्हटलं, दिलेली कमांड अख्खी कॉपी करून पाठव, व्हर्जन लिही, लॉगची फाइल जोड, आणि आतापर्यंत काय काय करून बघितलंस तेही लिही. वीस मिनिटं काहीच आलं नाही. मग मेसेज आला, “सापडलं. फोल्डरचं नाव ‘फायनल डेटा नवीन’ होतं, मधे स्पेस.”