नाशिक परिसरात ऑटोगायडिंग करण्यापूर्वीची तयारी

आकाशाची छायाचित्रे घेताना दुर्बीण ताऱ्यामागे अचूक चालावी म्हणून संगणकाने तिची दिशा सतत दुरुस्त करत राहणे म्हणजे ऑटोगायडिंग. त्याची तयारी अंधार पडण्याआधी, आणि शक्यतो आदल्या दिवशी घराच्या गच्चीवरच, सुरू करावी. मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीला, म्हणजे गाइड स्कोपला, जोडलेला गाइड कॅमेरा दर एक-दोन सेकंदांनी ताऱ्याचे चित्र घेतो, पीएचडी-२ सारखा प्रोग्रॅम तो तारा किती सरकला हे मोजतो आणि तेवढी उलट दुरुस्ती माउंटला, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरच्या आधाराला, कळवतो. माउंट ती आज्ञा जशीच्या तशी पाळेल, या भरवशावर हा सगळा हिशेब चालतो. गाइड स्कोपची पकड सैल असेल आणि तो मुख्य दुर्बिणीच्या तुलनेत केसभर जरी झुकला, तरी प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. पडद्यावरचा ताऱ्याच्या सरकण्याचा आलेख सपाट दिसत राहतो आणि छायाचित्रात तारे लांबट येतात. म्हणून सर्वप्रथम प्रत्येक स्क्रू हाताने तपासावा, आणि गाइड स्कोप तीन-तीन स्क्रूंच्या कड्यांत बसवला असेल तर तो शक्य असल्यास घट्ट क्लॅम्पमध्ये घ्यावा.

त्यानंतर समतोल साधावा. कॅमेरा, गाइड स्कोप, दवपट्टी (भिंगावर दव जमू नये म्हणून गुंडाळायची गरम पट्टी) आणि सर्व केबल जोडलेल्या असतानाच तो साधायचा असतो. आरए अक्षावर (माउंटच्या पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या अक्षावर) पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवावी, म्हणजे गिअरच्या दात्यांचा संपर्क एकाच बाजूने टिकून राहतो. केबल माउंटला बांधून दोन्ही अक्ष पूर्ण फिरवून पाहावेत. ही पायरी आमच्याकडे विशेष महत्त्वाची आहे, कारण नाशिकच्या २० अंश अक्षांशावर ध्रुवाक्ष (माउंटचा ध्रुवाकडे रोखलेला अक्ष) बराच आडवा होतो आणि काही माउंटांचे काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारे वजन, तिपाईच्या पायाला जाऊन अडते.

माउंट चालवणाऱ्या हँड कंट्रोलरमध्ये भरायची माहिती कागदावर लिहून न्यावी: अक्षांश २० अंश ० कला उत्तर, रेखांश ७३ अंश ४७ कला पूर्व, कालविभाग अधिक साडेपाच तास, आणि डेलाइट सेव्हिंग ‘नाही’. तारखेपाशी विशेष सावध राहावे. सिनस्कॅनसारखे कंट्रोलर आधी महिना आणि मग दिवस मागतात, तर आपला हात आधी दिवस लिहितो. एकदा ५ जानेवारीच्या रात्री मी ०५/०१ असे भरले, म्हणजे कंट्रोलरच्या लेखी १ मे झाला. रोहिणी डोक्यावर लखलखत होती आणि पडद्यावर ती क्षितिजाखाली असल्याचा संदेश येत होता. थंडीत कुडकुडत मी पाऊण तास केबल तपासत बसलो.

जागा निवडताना आधी उत्तर दिशा पाहावी. हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की जेवढी उंची होते, तेवढ्याच उंचीवर आपल्याकडे ध्रुव असतो; जवळचा डोंगर, आंब्याचे झाड किंवा शेजारची इमारत त्याला सहज झाकते. दिंडोरीच्या बाजूला गेल्यास शहराचा उजेड दक्षिणेला राहतो आणि ध्रुव स्वच्छ मिळतो, मात्र वृश्चिक किंवा धनु राशीतील लक्ष्यांना तोच उजेड नडतो. त्यांच्यासाठी मला हरसूलची बाजू अधिक पटते. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर आहे, त्यामुळे तो पोलर स्कोपच्या (ध्रुवाक्षात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीच्या) मध्यभागी आणून भागत नाही. त्या वेळेचे त्याचे वर्तुळावरील स्थान ॲपमध्ये पाहून त्याला तिथे बसवावे. उंचीच्या बोल्टची शेवटची हालचाल नेहमी वरच्या दिशेने करावी, म्हणजे दुर्बिणीच्या वजनाने माउंट नंतर खाली बसत नाही.

लॅपटॉपवरची कामे घरीच उरकावीत. गाइड स्कोपची फोकल लेंग्थ आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार प्रोग्रॅममध्ये अचूक भरावा: पिक्सेलचे मायक्रॉन गुणिले २०६, भागिले फोकल लेंग्थचे मिलिमीटर, असे केले की एका पिक्सेलला किती विकला (अंशाचा ३६००वा भाग) हे कळते. ३.७५ मायक्रॉन आणि २०० मिलिमीटर यांसाठी हे उत्तर सुमारे ३.९ विकला येते. गाइड स्कोपला टोपण लावून डार्क फ्रेमचा (पूर्ण अंधारात घेतलेल्या चित्रांचा) संचही घरीच करून ठेवावा, नाहीतर प्रोग्रॅम एखाद्या तापट, म्हणजे अंधारातही उजळ दिसणाऱ्या सदोष पिक्सेललाच तारा समजून त्याच्या मागे लागतो. माउंटला आज्ञा गाइडिंगसाठीच्या एसटी-४ केबलने देता येते आणि ॲस्कॉममार्फतही (संगणक व माउंट यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत). मी ॲस्कॉमचाच आग्रह धरतो, कारण त्यात दुर्बीण आकाशात कुठे रोखलेली आहे हे प्रोग्रॅमला कळते आणि लक्ष्य बदलले तरी कॅलिब्रेशन (कोणत्या आज्ञेने तारा कुठे आणि किती सरकतो याची मोजणी) पुन्हा करावे लागत नाही.

कॅलिब्रेशनसाठी खगोलीय विषुववृत्ताजवळचा आणि मध्यमंडलाजवळचा (डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या काल्पनिक रेषेजवळचा) तारा घ्यावा. हिवाळ्यात ही सोय आकाशानेच केलेली आहे: मृगाच्या बाणातील तीन ताऱ्यांपैकी सर्वांत पश्चिमेकडचा तारा विषुववृत्तापासून अर्ध्या अंशाच्याही आत आहे, आणि जानेवारीच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास तो मध्यमंडलावर येतो. सुरू करण्यापूर्वी माउंट थोडा वेळ उत्तरेकडे चालवून डेकच्या (उत्तर-दक्षिण फिरणाऱ्या अक्षाच्या) दात्यांतील ढिलाई काढून घ्यावी. गाइडचा वेग नक्षत्रवेगाच्या (तारे आकाशात सरकतात त्या वेगाच्या) निम्मा ठेवावा आणि प्रत्येक दिशेला दहा-बारा पावले पडतील अशी पावलाची लांबी निवडावी. आरए आणि डेकच्या रेषा एकमेकींना जवळजवळ काटकोनात आल्या नाहीत, तर ते कॅलिब्रेशन मोडीत काढून नव्याने करावे. ‘चालेल’ म्हणून पुढे गेलेली रात्र वाया जाते. मग वर्मचा (आरए अक्ष फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरचा) किमान एक पूर्ण फेरा आलेख पाहत थांबावे. तो एचईक्यू-५ माउंटमध्ये ६३८ सेकंदांचा, तर ईक्यू-६ मध्ये ४७९ सेकंदांचा असतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. माउंट आणि दवपट्टी मिळून ३ अँपिअर लागत असतील, तर आठ तासांना २४ अँपिअर-तास होतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू द्यायची नसल्याने ५० अँपिअर-तासांची न्यावी. द्राक्षबागांच्या आसपास पहाटे दव भरपूर पडते, म्हणून दुसरी दवपट्टी गाइड स्कोपलाही हवी.

शेवटी, त्या रात्रीचे लक्ष्य मध्यमंडल कधी ओलांडते ती वेळ वहीत लिहून ठेवावी, कारण त्या वेळी दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळवावी लागते, आणि तेव्हा केबल कुठे अडकत नाही ना, हे पाहायला आपण जागे असायला हवे.