पावसाळ्यात कानस हातात घेऊ नका: गिटार घरी सांभाळताना या चुका टाळा

माझ्याकडे सात गिटारी आहेत. त्यातल्या चौघींचं नुकसान मी माझ्या हाताने केलंय, तेही दुरुस्त करायला बसलो असताना.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगतो. नाशिकचा जुलै महिना. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीतला दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडालेला, आणि माझ्या ॲकूस्टिकच्या तारा इतक्या वर आलेल्या की बोटं दुखायची. बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) जाड ई तारेखाली साडेतीन मिलिमीटर भरलं. ॲकूस्टिकला तिथे साधारण अडीच पुरतात. मी सॅडल (तारा टेकतात ती हाडाची पट्टी) काढला आणि पॉलिश पेपरवर त्याचा तळ घासला. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल दोन मिलिमीटर उतरवावा लागतो, तेवढा उतरवला. हात खूश. डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि तीच गिटार जवळपास प्रत्येक फ्रेटवर फरफरायला लागली.

झालं होतं असं, की पावसाळ्यात लाकूड ओल पितं, समोरची फळी फुगते आणि ब्रिजला (सॅडल बसवलेल्या लाकडी तुकड्याला) घेऊन वर येते. थंडीत सुकली की खाली बसते. दोन महिन्यांच्या फुगीला मी कायमचा आजार समजलो. घासलेलं हाड काही परत वाढत नाही, नवा सॅडल करून घ्यावा लागला.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: जून ते सप्टेंबर सॅडलला कानस लावायची नाही. बोटांना फारच त्रास होत असेल तर तारा एक नंबर पातळ लावतो आणि दिवाळीपर्यंत थांबतो.

थांबायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं असं नाही. गिटार ठेवता त्या खोलीत एक डिजिटल हायग्रोमीटर ठेवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असली की गिटार सुखात असते. स्वस्त हायग्रोमीटर खोटं बोलतात, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर थेंब-थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळून चालणार नाही. झाकण आणि हायग्रोमीटर दोन्ही घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ असायला हवा. माझ्याकडे ६८ आला. म्हणजे माझं यंत्र सात कमी दाखवतं. तसं पेनाने त्याच्या पाठीवर लिहून ठेवलंय.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात गिटारच्या केसमध्ये टाकणं ठीकच. पण त्या वर्षभर तिथेच विसरायच्या, ही चूक घरोघरी होते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा आधीच कोरडी, त्यात ही पुडी उरलेली ओलही ओढून घेते. उन्हाळ्यात पुडी बाहेर आणि तिच्या जागी भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा. घट्ट म्हणजे घट्ट, केसमध्ये पाणी टपकता कामा नये. फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागली तर फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली फळी) सुकून आकसला असं समजा. तिथेही कानस नको. पंधरा दिवस डबी ठेवून बघा, पुष्कळदा टोकं पुन्हा आत जातात.

जागेचं थोडक्यात: स्लॅबखालच्या माळ्यावर गिटार ठेवू नका, मे महिन्यात तिथे भट्टी असते. पावसाचा मार खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पाठीला बुरशी धरते. उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नको, आत डिंक मऊ पडून ब्रिज उचलला जातो.

आता ट्रस रॉड. नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) आत बसवलेला हा लोखंडी रॉड तारांच्या ओढीविरुद्ध नेक सरळ धरतो. तारा उंच वाटल्या की लोक आधी याच्याच मागे लागतात. पण उंची ठरवायचं मुख्य काम सॅडलचं. रॉडने नेकचा बाक ठरतो. बाक न मोजता पाना फिरवायचा म्हणजे ताप न बघता औषध घेण्यासारखं. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर तीच तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते बघा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर असेल तर रॉडला हात लावू नका. मोजायला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) लागतो. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम करणारं कोणीतरी आपल्या ओळखीत असतंच, त्याच्याकडून एका संध्याकाळपुरता मागून आणा. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की रॉड आवळतो आणि बाक कमी होतो. एका वेळी पाव फेरा, मग सूर लावून पुन्हा मोजायचं. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा. रॉडचा नट घसरला तर पुढचं काम कारागिराचं आणि खर्च तुमचा.

फरफर आली की ती कुठे येते ते आधी कागदावर मांडा. मोकळी तारच फरफरते, दाबलेली नाही, तर नटची (खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल गेलीय. पहिल्या चार-पाच फ्रेटवर येते तर बाक कमी पडतोय. एकाच फ्रेटवर येते तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. आणि सगळीकडे, पण ठरावीक सुरालाच येत असेल तर तो बहुतेक तारांचा दोषच नव्हे. अशा एका आवाजामागे मी अख्खा रविवार घालवला. सॅडल काढला, तारा बदलल्या, आत आरसा घालून फळीला आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या तपासल्या. शेवटी बायकोने खुंट्यांवर हात ठेवला आणि आवाज बंद! एका खुंटीचा नट सैल होता. दहाचा पाना, पाव फेरा.

फ्रेटबोर्डला खोबरेल लावू नका. आपल्याकडे केसांपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेलच चालतं, पण थंडीच्या सकाळी ते रोजवुडच्या रेषांत पांढरं गोठलेलं मी पाहिलंय. पुढे खवट वास येतो तो वेगळाच. फ्रेटबोर्डसाठी मिळणारं लेमन ऑइल वर्षातून एक-दोनदा, कापडावर चार थेंब, आणि दहा मिनिटांनी कोरडं पुसणं पुरे. मेपलच्या पॉलिश चढवलेल्या फ्रेटबोर्डला तेल लावायचंच नाही.

नायलॉन तारांच्या गिटारला ‘आवाज मोठा येईल’ म्हणून स्टीलच्या तारा चढवणं हा प्रकार अजूनही चालतो. नायलॉनच्या सहा तारांची ओढ मिळून चाळीस किलोच्या आसपास, स्टीलच्या लाइट सेटची सत्तरच्या वर. क्लासिकलचा, म्हणजे नायलॉन तारांच्या गिटारचा, ब्रिज तेवढ्यासाठी बनवलेलाच नसतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद शिरायला लागला तर तारा ताबडतोब सैल करा, आणि त्या फटीत सुपर ग्लू सोडू नका. नंतर कारागिराला जुना डिंक खरवडूनच नवा लावावा लागतो आणि सुपर ग्लू सहजी निघत नाही.

इलेक्ट्रिकचं आवाजाचं बटण खरखरत असेल तर गंज सोडवायचा स्प्रे त्यात मारू नका. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारून बटण वीस-तीस वेळा फिरवा. आणि ॲम्प चालू असताना तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर गिटार उघडत बसू नका. ॲम्पचा प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून आधी घराचं अर्थिंग आणि मग ॲम्प तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच नसते.