पोकेमॉन कार्डांकडे परत यायलाय? मग या चुका टाळा

टीव्हीवरच्या पोकेमॉन कार्टूनमधनं जुना हिरो अ‍ॅश गेला, लिको आणि रॉय आले, त्यात 2024 च्या 30 ऑक्टोबरला फोनवर टीसीजी (ट्रेडिंग कार्ड गेम) पॉकेट हा पोकेमॉन कार्डांचा गेम आला, आणि 2003 च्या सुमाराला कार्टून नेटवर्क बघत मोठी झालेली आपली सगळी पिढी, जी आता नोकरीला लागलीय आणि जिच्या हातात स्वतःचे पैसे हायत, ती परत कार्डं धरायलीय. बेळगावात तर हायतच, रविवारी निपाणी, खानापूर, संकेश्वरहून पण पोरं यायलेत, आणि खरंच सांगतो लई बरं वाटतंय. फक्त त्याच त्याच चुका दर रविवारी बघून आता लिहायलाच पाहिजे म्हटलं.

करडी बॉर्डर म्हणजे नकली, हे डोक्यातनं काढा

ही चूक मला सगळ्यात जास्त त्रास देते कारण हिच्यात माणूस खरं टाकून खोटं घरी आणतोय. इंग्रजी कार्डांना 1999 पासनं पिवळी बॉर्डर होती, बरोबर. पण 31 मार्च 2023 ला स्कार्लेट अँड व्हायोलेट सेट आला आणि तिथनं इंग्रजी कार्डांची बॉर्डर करडी झाली. जपानी कार्डांना तर तशी आधीपासनंच होती. मधली वीस वर्षं ज्यानं कार्ड बघितलंच नाही त्याला हे कसं कळणार, मान्य हाय, पण विचारायला काय जातंय?

अनगोळचा एक मित्र हाय, पुण्याला आयटीत असतोय. गणपतीला घरी आलेला तेव्हा बाजारात एका खेळण्यांच्या दुकानात त्याला पाकिटं दिसली, घेतली, तिथंच उभ्या उभ्या फोडली. सगळी करडी. झालं, "ओ मामा, हे ड्युप्लिकेट देऊन सोडलाय की, पोकेमॉनला पिवळी बॉर्डर असतीय" म्हणून वाद घातला. दुकानदार बिचारा बॅट, बॉल, बाहुल्या विकणारा माणूस, त्याला यातलं काय माहीत, त्यानं "बरं बाबा, हे घेऊन जा" म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यातली चकचकीत पिवळ्या बॉर्डरवाली कार्डं बदलून दिली. रविवारी टिळकवाडीत आम्ही बसतो तिथं हा गडी खुशीत ती मांडायलाय. मी एक उचललं आणि मागनं मोबाईलची टॉर्च लावली तर पुढचं चित्र कंदिलासारखं उजळलं. दुसऱ्यावर हल्ल्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, तिसऱ्याची पाठ जांभळट. मग त्यानं आधीच्या "नकली" कार्डांचा फोटो दाखवला, आणि त्यात एक फुल आर्ट (कार्डभर चित्र असलेलं) ट्रेनर कार्ड, बोटाला रेघा लागतील असलं, खणखणीत खरं. दुसऱ्या दिवशी पळत गेला तर दुकानदारानं ती शेजारच्या पोराला देऊन टाकलेली. त्या पोराचं भलं झालं हेच काय ते.

माझी सवय अशी की खिशात एक खात्रीचं बेसिक एनर्जी कार्ड (पोकेमॉनला हल्ल्यासाठी ताकद देणारं साधं कार्ड) नेहमी असतंय. संशय आला की दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरून टॉर्च लावायची. खऱ्या कार्डाच्या मधे काळपट थर असतोय, त्यामुळं उजेड फार पार होत नाही, आणि कडेनं नीट बघितलं तर ती बारीक काळी रेघ दिसते. पाठीमागच्या पोकेमॉन शब्दात इंग्रजी ई वर तिरकी रेघ हाय का बघा, नकली छापणारे ती बऱ्याचदा विसरतात. आणि बाजारात, ऑनलाइन जे सोनेरी प्लॅस्टिक कार्डांचे डबे मिळतात त्याच्यावर टॉर्च पण लावू नका, ते नकलीच. कार्ड फाडून बघायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, फाडल्यावर खरं निघालं तर काय करणार?

आपण लहानपणी हा खेळ खेळलोच नव्हतो

हे ऐकून लोकांना राग येतोय पण खरं हाय. आपण काय केलं, कार्डावरचा एचपी (पोकेमॉनच्या जीवाचा आकडा) बघितला, ज्याचा जास्त तो जिंकला, समोरच्याचं कार्ड खिशात. डब्ल्यूडब्ल्यूईची कार्डं जशी खेळायचो तसंच. मूळ खेळ वेगळाच हाय: साठ कार्डांचा डेक, एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं (बेसिक एनर्जी सोडून), हातात सात, बाजूला सहा प्राइज कार्डं (समोरच्याचा पोकेमॉन मारला की उचलायची), बेंचवर म्हणजे मागच्या राखीव ओळीत जास्तीत जास्त पाच पोकेमॉन. तेव्हा "मला सगळं येतंय, वाटा गा पत्ते" म्हणून बसू नका.

ज्यांनी खरंच नियमानं खेळलेलं त्यांची पण गाडी तिथंच अडकते. 1999 च्या सेटमधला प्रोफेसर ओक नावाचा पत्ता एका टर्नला कितीही वेळा टाकता यायचा, हातातली सगळी कार्डं टाकायची, नवीन सात ओढायची, परत टाकायचा. आता तेच काम करणारं प्रोफेसर्स रिसर्च हे सपोर्टर (मदतीच्या कार्डांतला एक प्रकार) हाय, आणि सपोर्टर एका टर्नला एकच. शिवाय जो पहिला खेळतो त्याला पहिल्या टर्नला सपोर्टर पण नाही आणि हल्ला पण नाही. निपाणीचा एकजण यावरनं अर्धा तास भांडला, शेवटी नियमाचं पान उघडून दाखवलं तेव्हा गप्प झाला, तोपर्यंत बाकीच्यांचा चहा गार.

पॉकेटवाल्यांचं वेगळंच. तिथं वीस कार्डं, एका नावाची दोनच, बेंच तीनचा, तीन पॉइंटला जिंकलं, एनर्जी आपोआप येते. ते गेम छान हाय, मी पण खेळतो, पण त्याच्यावर शिकलेला माणूस टेबलावर आला की दर टर्नला एनर्जी लावायलाच विसरतो, डेकमधे एनर्जी घालायची असती हेच त्याला नवीन.

मी नवीन माणसाला एकच सांगतो, पहिला महिना काहीही विकत घेऊ नका. टीसीजी लाइव्ह हे मूळ खेळाचं अधिकृत अॅप फुकट हाय, त्याच्यावर हरत बसा. डेक आवडला की कार्डांची झेरॉक्स मारून कापा, जुन्या पत्त्यांवर ठेवून स्लीव्हमधे (प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत) घाला आणि आमच्याबरोबर खेळा, घरगुती खेळात कोण काय म्हणत नाही (अधिकृत स्पर्धेत चालत नाही तेवढं लक्षात ठेवा). पण नाही, लोकांना पहिल्याच आठवड्यात बॉक्स फोडायचा असतोय, रील करायचा असतोय. पाकिटं फोडून डेक होत नाही हो! लागणारी कार्डं सुटी घ्या, निम्म्याहून कमी पैशात होतं. उतावळेपणानं आलेली पोरं दोन महिन्यात सगळं विकून जातात आणि मला त्याचंच वाईट वाटतंय.

बाकीच्या चुका पटपट. कार्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर बघा, स्टँडर्ड खेळात (स्पर्धेचा नेहमीचा प्रकार, त्यात नवीन कार्डंच चालतात) ते चालतंय का तपासा, एप्रिल 2025 ला एफ अक्षराची कार्डं बाद झाली; अक्षरच नसेल तर कार्ड बहुतेक 2020 च्या आधीचं. जुन्या बेसिक एनर्जी मात्र आजही चालतात, फेकू नका. जुन्या तयार डेकमधे अठ्ठावीस एनर्जी असायच्या म्हणून तेवढ्या घालू नका, आता दहाच्या आसपास पुरतात. नावापुढं एक्स (ex) असलेला आपला पोकेमॉन मेला की समोरच्याला दोन प्राइज जातात, सप्टेंबर 2025 पासनं आलेला मेगा एक्स मेला की तीन, हे आधी मोजा मग पुढं करा. सुटं पाकीट कोणी स्वस्तात द्यायला लागला तर कड फोडून परत चिकटवलेली तर नाही ना बघा.

आपल्याकडचा पाऊस

बाहेरगावच्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. जून ते सप्टेंबर बेळगावात कपडे वाळत नाहीत, खानापूरकडं तर भिंतीला बुरशी येते, आणि लोक फॉईल कार्डं उघडी कपाटात ठेवतात. कागद ओल शोषतो, वरचा फॉईलचा थर शोषत नाही, म्हणून कार्ड वाकतं. रबर बँड लावला तर कडा कापतात. लग्नाच्या चिकट पानांच्या अल्बममधे तर अजिबात नको, कार्ड निघताना पाठ सोलून येते, खानापूरच्या एकाची लहानपणीची सगळी तशीच गेली.

स्लीव्ह 66 बाय 91 मिलिमीटरची घ्या, कार्ड 63 बाय 88 असतं, छोटी जपानी साइज घेऊन जबरदस्तीनं कोंबू नका. मग घट्ट झाकणाचा डबा, आत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पाकिटं, पावसाळ्यात मधनंमधनं बदलायची. आणि वाकलेलं कार्ड सरळ करायला इस्त्री फिरवू नका, फॉईलला फोड येतात. स्लीव्हसकट दोन जाड पुस्तकांच्या मधे, कोरड्या खोलीत, आठवडाभर ठेवा, बऱ्यापैकी सरळ होतं.